एकतीस चाली आणि दादाचं बोट

पटावरचा कुठलाही खेळ असो, आमच्या काष्टी गावात खेळणारे दोन आणि खेळवणारे वीस. काठावर बसून चाल सांगितली नाही तर माणुसकीच नाही, असा समज आहे. या माणुसकीनं माझा घात केला.

मी गो खेळते. रेषांच्या पटावर दोघांनी आळीपाळीनं काळे-पांढरे खडे ठेवायचे, समोरच्याचे चहूबाजूंनी कोंडून उचलायचे. खडा ठेवण्याआधी पुढच्या चाली मनात वाचाव्या लागतात: मी इथं, मग तो तिथं, मग मी इथं. घरी मी अशी वाचत बसले की आई मेथीची जुडी पुढ्यात टाकते.

जिल्ह्याच्या संघात एकच जागा उरली होती. त्यासाठीचा शेवटचा डाव नगरला, एका शाळेच्या हॉलमध्ये. दादा मोटारसायकलवरून मला घेऊन आला आणि माझ्या खुर्चीमागेच उभा राहिला.

माझे खडे काळे. पांढऱ्याचा एक खडा कोंडीत सापडल्यासारखा दिसत होता. मी पाठलाग केला असता तर तो पायरी-पायरीनं तिरका पळाला असता. पण पलीकडच्या कोपऱ्यात त्याचा सोबती, दुसरा पांढरा खडा, बसलेला होता. तिथं पोचला की तो सुटणार आणि माझीच फळी फुटणार. म्हणून मी आधी त्या सोबत्याचा बंदोबस्त करणारी चाल शोधत होते. एकतीस चाली वाचून झाल्या होत्या. वाट सापडली होती!

तेवढ्यात खांद्यावरून दादाचं बोट पटावर आलं. "अगं, किती इचार करतीस? हितं लाव की, मेलंच ते!"

समोरच्यानं हात वर केला. बाहेरून मदत झाली म्हणून पंचांनी डाव त्याला देऊन टाकला. "चाल चुकीची सांगितलीय हो त्यानं!" मी ओरडले. पंच म्हणाले, "ताई, नियम आहे." चुकीच्या मदतीलाही मदतच म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं.

घरी गेल्यावर मी चपलाही न काढता पट मांडला आणि दादाच्या हातात काळे खडे दिले. "आता मार त्याला." तो पायरी-पायरीनं पाठलाग करत कोपऱ्यापर्यंत गेला. पांढरा सुटला. दादानं हातातले उरलेले खडे खाली ठेवले. मला वाटलं, आता तरी चुकलं म्हणेल.

"मग तवाच बोलायचं न्हाई व्हय?" तो म्हणाला. "मला वाटलं, तुला काय सुचंनाच."