सांगणाराचं नाव

मी दूरच्या दीर्घिकांवर काम करते असं नाशकात कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग शनी वक्री कधी होतोय?" एका मामींनी तर रेडिओ दुर्बीण म्हटल्यावर विचारलं होतं, त्यावर जुनी गाणी लागतात का. डोंबल लागतात! आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी पलीकडे तशाच असंख्य आकाशगंगा आहेत, त्यांना दीर्घिका म्हणतात. काहींकडून रेडिओ लहरी येतात, त्या आम्ही टिपतो आणि आकड्यांवरून चित्र तयार करतो. एवढं ऐकेपर्यंत समोरच्याचं लक्ष पोह्यांकडे गेलेलं असतं.

मी जिथं संशोधन करते त्या संस्थेतली माणसं तरी शहाणी असतील, असं मला वाटायचं. माझे वडील, अण्णा, रामकुंडावर तीर्थोपाध्याय आहेत हे पहिल्याच आठवड्यात तिथं कळलं. माझे मार्गदर्शक सर हसून म्हणाले, "वा, म्हणजे राहू-केतूचं खातं तुझ्याकडे!" सगळे हसले. मीही हसले, लाचारासारखी. अण्णा पत्रिकाबित्रिका बघत नाहीत, पण तेवढं सांगण्याइतकाही मला त्यांचा अभिमान नव्हता. गुरुजींची मुलगी ही ओळख पुसून टाकायची, एवढंच तेव्हा मनात पक्कं केलं.

अण्णांचं काम म्हणजे वह्या. लाल फडक्यात बांधलेल्या, लांबट, पिढ्यान् पिढ्यांच्या. यजमान आला की गाव कोणतं, आडनाव काय विचारायचं आणि त्याच्या पणजोबाची सही काढून दाखवायची. मग घरात कोण जन्मलं, कोण गेलं ते लिहून घ्यायचं. प्रत्येक नोंदीखाली 'सांगणार' असं लिहून माहिती देणाऱ्याचं नाव आणि त्याखाली, पान ज्याचं त्या यजमानाची सही. आधीची नोंद चुकलेली निघाली तर खोडायची नाही. खाली नवी ओळ लिहायची, पुन्हा सांगणाराचं नाव, पुन्हा सही. यात अण्णांचा जन्म गेला. मेलेल्यांची नावं जपत बसायचं, यात कसलं आलंय कर्तृत्व, असं मला वाटायचं. एकदा मी ते त्यांच्या तोंडावर बोलूनही दाखवलं होतं. ते नुसतं "बरं" म्हणाले.

माझंही काम तीन वर्षं एका यादीचंच होतं, पण माझी यादी म्हणजे विज्ञान! आकाशाच्या एका तुकड्यात रेडिओ लहरी कुठून कुठून येतात, त्या प्रत्येक स्रोताची नोंद. यादी शेवटाला आली तेव्हा एका रविवारी घरी आले होते आणि जेवणं झाल्यावर टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. अण्णा सुपारी कातरत मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर दोन पुसट डाग होते, बाहेरच्या कडेला जरा उजळ, एकमेकांपासून चांगले लांब.

"हे दोघं कोण?"

"दोन वेगळे स्रोत आहेत, अण्णा."

ते वाकून बघत राहिले. "वेगळे कसे? दोघांची तोंडं बाहेर आहेत आणि पाठी एकमेकांकडे. एका घरातून निघालेले दिसतायत. मधलं घर कुठंय?"

"मध्ये काही नाहीये."

"नीट बघ गं. माझ्या वहीतल्या एका घराण्यात सायखेड्याचा एक भाऊ शेती धरून राहिला, दुसरा इगतपुरीला रेल्वेत चिकटला. नातवंडं येतात ती एकमेकांना ओळखत नाहीत. मीही दोन पानं केली असती तर घराणं तुटलंच असतं."

"अण्णा, ही तुमची वही नाहीये," मी म्हटलं. माझा तो स्वर मला आजही ऐकू येतो. ते सुपारी घेऊन आत गेले.

यादी प्रसिद्ध झाली. कौतुक झालं, सरांनी पाठ थोपटली. काही महिन्यांनी त्याच तुकड्याची, नेहमीच्या प्रकाशात बघणाऱ्या मोठ्या दुर्बिणीतून घेतलेली, जास्त खोलवरची छायाचित्रं आली. अण्णांचं 'मधलं घर' आठवलं म्हणून त्या दोन डागांची जागा उघडली. बरोबर मध्यावर एक अंधूक ठिपका होता. दीर्घिका! तिच्या पोटातून दोन बाजूंना दोन झोत निघाले होते आणि त्यांच्या टोकांचे ते डाग होते. एवढा अवाढव्य संसार, आणि मी त्याचे दोन तुकडे करून दोन क्रमांक देऊन मोकळी झाले होते. सगळ्या पदव्या असून मला जे दिसलं नाही, ते सुपारी कातरणाऱ्या माणसाला दिसलं होतं.

दुरुस्ती छापणं भाग होतं. मसुदा वाचताना सरांनी विचारलं, "हे तुझ्या लक्षात कसं आलं?" सांगायला एकच वाक्य पुरलं असतं. पण राहू-केतूचं ते हसू आठवलं आणि मी म्हटलं, "फेरतपासणीत आढळलं." तसंच छापून आलं.

घरी येऊन सांगितलं तेव्हा अण्णा लहान मुलासारखे खूश झाले. मी सांगितलं होतं ना, असं चुकूनही म्हणाले नाहीत. फक्त विचारलं, "सांगणार म्हणून माझं नाव घातलंस ना?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी छापील पान मागून घेतलं. त्यांना इंग्रजी येत नाही, या भरवशावर मी ते दिलं. किती हलकट असावं माणसानं!

गेल्या महिन्यात सकाळी त्यांचा डबा घेऊन घाटावर गेले, तर सिन्नरहून आलेलं एक कुटुंब समोर बसलं होतं आणि वहीत जपून ठेवलेलं माझं ते छापील पान अण्णांनी त्यांच्या शिकलेल्या सुनेच्या हातात दिलं होतं. "हे आमच्या मुलीचं. यात माझं नाव कुठंय ते जरा वाचून दाखवा, यांना ऐकू दे." ती वरपासून खालपर्यंत दोनदा वाचत गेली. मग माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"काका, यात तुमचं नाव नाहीये. फेरतपासणीत आढळलं, एवढंच लिहिलंय."

अण्णा माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पान परत घेतलं, गुडघ्यावर वहीचा आधार दिला, पेन काढलं आणि छापलेल्या मजकुराच्या खाली, कोऱ्या जागेत, सावकाश लिहिलं: सांगणार. त्यापुढे स्वतःचं पूर्ण नाव. मग रोज यजमानांपुढे धरतात तसं पान आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"खाली सही करा," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला अहो-जाहो केलं.