शेवटचं बटण

माझी भावजय एका शाळेत बाई होती. ज्या मुलांना सगळंच उशिरा येतं, त्यांची ती शाळा. तिथे ती मुलांना बटण लावायला, बूट घालायला, अंथरूण घालायला शिकवायची. माझं तोंड कसं आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा नणंद असून मी कौतुक करतेय म्हणजे ते खरंच असणार, एवढं धरून चाला.

ती मुलाच्या समोर कधी बसायची नाही. पाठीमागे उभी राहायची, त्याच्या हातांवर आपले हात ठेवून. वरची सगळी बटणं दोघं मिळून लावायची, शेवटचं मात्र मुलाचं. "आपण पुरं केलं, असं त्याला वाटायला हवं ना ताई," म्हणायची. ते जमलं की शेवटची दोन त्याची, मग तीन. तिचे हात मनगटावर सरकायचे, मग कोपरावर, मग नुसतीच मागे उभी. एकेका बटणाला एक "हं". शेवटी तोही बंद करायची. आईबाप घायकुतीला यायचे, ही नाही.

शाळेतल्या पोरांचा "हं" सुटला, घरातला सुटेना. ठमी तिची स्वतःची लेक. चांगली मोठी झालेली, पण तिचंही शिकणं तसंच, उशिराचं. कपडे, वेणी, अंथरूण, सगळं हाताने करायची, पण पावलापावलाला आईचा "हं" लागायचा. नाही मिळाला की हात तिथेच. मी कितीदा म्हटलं, "अगं, जगाच्या पोरांना शिकवतेस आणि आपल्याच घरात घोडं अडलंय!" ती हसण्यावारी न्यायची. एकदाच बोलली, "तेवढं तरी राहू दे ना ताई. बाकी सगळं तिला माझ्याशिवाय येतं."

मग तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. जीव वाचेल, आवाज जाईल. परतताना बसमध्ये ती मला एवढंच म्हणाली, "आता ठमीचं कसं व्हायचं?" स्वतःबद्दल अवाक्षर नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने ठमीपुरतं तोंड मिटलं. ठमी पहिलं बटण लावून थांबली. ऊन खिडकीतून पार कपाटापर्यंत आलं तरी पोर उघड्या शर्टाने खाटेवर, मान वळवून आईच्या तोंडाकडे बघत बसलेली. ही मागे ओठ चावत उभी. शेवटी हिलाच राहवलं नाही. "हं" म्हणाली आणि मोरीत जाऊन रडली. रोज हेच. हात टेकूनच ती हॉस्पिटलात गेली. जाताना मला बजावलं, "तुम्ही म्हणायचं नाही हं ताई. उद्या तुम्हीही नसाल." घ्या! पण खोटं काय बोलली?

ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्या सकाळी ठमीने पहिलं बटण लावलं आणि माझ्याकडे बघितलं. "हं" अगदी माझ्या जिभेवर आला होता. मेला एवढासा शब्द! गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही. मी तिच्या पाठीमागे गेले आणि तोंडावर हात दाबून उभी राहिले. खाली कचऱ्याची गाडी आली, गेली. खूप वेळाने ठमीच म्हणाली, "हं." हुबेहूब आईसारखा, जरा लांबवलेला. दुसरं बटण लागलं. "हं." तिसरं लागलं. मला रडू कोसळलं, तेही आवाज न करता.

भावजय घरी आली तेव्हा गळ्याला पट्टी होती आणि ऑपरेशनात खांद्याची नस दुखावल्याने एक हात नीट हलत नव्हता. थंडी होती, म्हणून मी स्वेटर घेऊन पुढे झाले, तर ठमीने मला बाजूला सारलं. आईला खुर्चीत बसवलं, स्वेटर चढवला आणि पाठीमागे उभी राहून हात पुढे घेतले. एक बटण. "हं." आणखी एक. "हं." आई मान खाली घालून ऐकत होती आणि तिचे डोळे गळत होते.

शेवटचं बटण राहिलं आणि ठमीने हात काढून घेतले.

"अगं वेडे, एक राहिलं की!" मी म्हटलं.

ठमी एक पाऊल मागे सरकली आणि आईला म्हणाली, "हं."

माझ्या भावजयीने आपला धड असलेला हात हळूहळू बटणाकडे नेला.