फुकटचं स्थळ

जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठात फी लागत नाही, हे मी पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा आबा ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. आबा म्हणजे माझे वडील. त्यांनी हातातली शेंग तशीच ठेवली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "फी नही? मंग खोट काय शे?"

मला राग आला. शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावातून धुळ्याला जाऊन मी इंजिनियर झाले, दोन वर्षं नाशिकला नोकरी केली, रात्र रात्र जागून अर्ज भरले आणि शेवटी पाण्याच्या विषयात पुढे शिकायला प्रवेश मिळवला. आणि बापाला त्यात आधी खोट दिसली!

तसे माझ्या हातात दोन प्रवेश होते. एक ऑस्ट्रेलियातला. तो जळगावच्या एका कन्सल्टन्सीतून मिळाला होता आणि त्याची फी ऐकून आईने पदर तोंडाला लावला होता. त्यासाठी कर्ज काढावं लागणार होतं आणि कर्जासाठी विहिरीजवळचं वावर तारण ठेवावं लागणार होतं. आमचं बाकीचं रान पावसाच्या भरवशावर. बारमाही पाणी पिणारं तेवढं एकच वावर. दुसरा प्रवेश जर्मनीतल्या एका लहान शहरातला. शिकवणं इंग्रजीत, फी नाही. फक्त वर्षभराच्या राहण्या-जेवणाचे पैसे तिथल्या खात्यात आधी भरून ठेवायचे, मग ते दर महिन्याला आपल्यालाच थोडे थोडे परत मिळतात. माझी नोकरीतली बचत आणि त्या वर्षीचा कापूस मिळून ते जमत होतं. वावराला हात लावायची गरज नव्हती.

कोणत्याही शहाण्या माणसाने दुसरं निवडलं असतं. आबा पहिल्यावर अडून बसले. "वावर ठेवू तारण. त्यात काय?" असं ते खुशाल म्हणायचे, जणू वावर नाही, सायकल आहे. मी बापाला वाचवायला निघाले होते आणि बाप मान पुढे करून बसला होता.

हळूहळू मला त्यांचं गणित कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं. आमच्या घरातून पोरगी लांब जाते ती लग्न होऊन. दुसरा अनुभव कुणाच्या गाठीशी नाही. त्यामुळे आबा विद्यापीठाकडे स्थळ म्हणूनच बघत होते. जे स्थळ काही मागतं ते समजतं. देणंघेणं ठरतं, मांडव पडतो. पण नवऱ्याकडचे लोक "आम्हाला काही नको, फक्त मुलगी द्या" म्हणाले की आमच्याकडे पहिला प्रश्न येतो, पोराला फिट येते की काय? फुकट पोरी शिकवणाऱ्या देशाचंही तसंच.

मग आबांनी नानांना बोलावलं. नाना आमचे शेजारी. तालुक्यातल्या कितीतरी सोयरिकी त्यांनी जुळवल्या आणि तितक्याच मोडल्याही. त्यांची पद्धत ठरलेली. नवरदेवाच्या घरी सरळ कधी जायचं नाही. एसटीतून उतरायचं, गावातल्या चहाच्या टपरीवर बसायचं, इकडचं तिकडचं बोलत त्या घराचा विषय काढायचा, आणि मग वाट चुकल्यासारखं दाखवून त्या गल्लीत शिरायचं. एकदा गोठ्यातल्या म्हशीच्या बरगड्या दिसल्या म्हणून ते दारातूनच माघारी फिरले होते. जे मुक्या जनावराला पोटभर देत नाहीत ते सुनेला काय देतील, हा त्यांचा हिशेब.

मी लॅपटॉप उघडून नानांना विद्यापीठाची वेबसाइट दाखवली. हिरवळ, हसणारी पोरंपोरी, काचेची लायब्ररी. नानांनी सगळं शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "हाई त्यास्नं सोतानं सांगनं शे. नवरदेवना फोटो बी असाच ऱ्हास. कोनी तरी जाईसन देखाले पाहिजे."

होकार कळवायची मुदत महिनाअखेरपर्यंत होती आणि हे जर्मनीत टपरी शोधत होते.

पण आमच्या गल्लीतली एक मुलगी जर्मनीत दिली आहे. तिचा नवरा जळगावकडचा, तिथे गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. अडचण एवढीच की तो गावाचा जावई, आणि जावयाला काम सांगायचं नसतं. आबा आधी त्याच्या सासरी भरताची वांगी घेऊन गेले. मग नानांनी फोन लावला, तब्येत विचारली, पाऊसपाणी विचारलं, आणि अखेर म्हणाले, "जावईबापू, सहज तिकडे जाणं झालं तर बघा, नाहीतर काही नाही." त्या बिचाऱ्याच्या शहरापासून ते गाव तीन तास रेल्वेने. सहज जाणं कसलं होतंय! पण तोही इकडचाच. "परवाच जाणार होतो," म्हणाला.

दोन दिवसांनी दुपारी आमच्या ओट्यावर व्हिडिओ कॉल लागला. मी, आई, आबा आणि मधोमध नाना. जावईबापू विद्यापीठासमोरच्या बेकरीत बसले होते. नानांनी बजावल्याप्रमाणे आधी तिथेच.

"दुकानवाली काय म्हणाली?" नानांनी विचारलं. जावयाशी बोलताना ते पुस्तकी मराठीवर येतात.

"म्हणाली, पोरं रात्री फार गोंधळ घालतात. पण शिकवतात चांगलं. तिची मुलगीही इथेच शिकली."

"तिच्या मुलीला फी किती पडली?"

"तिलाही नव्हती."

नाना सरळ होऊन बसले. "म्हणजे आपल्या पोरीला आणि परक्या पोरीला एकच पंगत?"

"एकच, नाना."

नानांनी आबांकडे बघितलं. त्यांच्यापुरता निकाल लागला होता. मी तर त्या न पाहिलेल्या बेकरीवालीच्या पाया पडायला तयार होते.

पण आबांचं समाधान होईना. त्यांनी जावईबापूंना हॉस्टेलपर्यंत चालवलं. स्वयंपाकघर दाखवायला लावलं. आईने तवा ठेवायला जागा आहे का ते विचारून घेतलं. मग आबा एकेक काढू लागले. थंडी किती? फार, जावईबापू म्हणाले, आणि हिवाळ्यात चारलाच अंधार पडतो. "हां!" आबा पुढे सरकले. खोली लगेच मिळते? नाही, वाट बघावी लागते. "हां!" बाहेर लोक इंग्रजी बोलतात? दुकानात, दवाखान्यात जर्मनच लागतं, सुरुवातीला जड जातं. "देखा!" आबांचा चेहरा प्रत्येक उत्तराला उजळत होता. नानांनी मात्र हात झटकला. "थंडी काय खोट शे का? भाषा शिकी लेई पोर. स्थळ चांगलं शे. होकार दी टाक."

जावईबापूंचे आभार मानून झाले. नाना चहा पिऊन गेले. आबा उठले आणि वावराकडे चालू लागले.

आता माझा संयम संपला. मी तशीच त्यांच्या मागे निघाले. विहिरीवर मोटर चालू होती आणि आबा पाइपातून पडणाऱ्या पाण्याकडे बघत उभे होते.

"आबा, आते काय ऱ्हायनं?" मी जवळजवळ ओरडलेच. "सगळं बठ्ठं त इचारी लिधं तुम्ही!"

"बठ्ठं इचारं," ते म्हणाले. "एक बी खोट सापडनी नही."

"मंग?"

त्यांनी वळून बघितलं तेव्हा डोळे भरलेले होते. माझा बाप मी तोवर फक्त आजीच्या मातीला रडताना बघितला होता.

"एक जरी सापडती ना," ते म्हणाले, "तुले घरमाच ठेयी लेतू."

मी म्हटलं, मग ऑस्ट्रेलियाला कसे पाठवत होता, वावर तारण ठेवून?

आबा डोळे पुसत हसले, चोरी पकडल्यासारखे. "तू वावर ठेवू देती का? तू तठे जातीच नही. हाई माले ठावं व्हतं."

इतके दिवस मी या माणसाला भोळा समजत होते. मी वावर वाचवत होते आणि तो त्याच वावराची भिंत करून मला अडवत होता. कुणी मला इतकं धरून ठेवू पाहत होतं, तेही इतक्या लबाडीने, याचं मला रडू आलं, हसू आलं, आणि बाप फार फार आवडला. माझं मन त्या क्षणी डळमळलं हेही खरं. मी 'नाही जात' म्हणाले असते तर त्यांनी एका शब्दानेही मला 'जा' म्हटलं नसतं.

बहुतेक ते त्यांनाही दिसलं असावं. त्यांनी खिशातला रुमाल काढून मला दिला आणि म्हणाले, "कळाई दे त्यास्ले. मुदत निंघी जाई."

घराच्या मानाने विहिरीवर रेंज चांगली येते. मी तिथेच उभं राहून फोनवरून होकार पाठवला. आबा माझ्या खांद्यावरून वाकून स्क्रीनकडे बघत होते, एक अक्षर कळत नसताना.

"गया का?"

"गेला, आबा."

त्यांनी मान हलवली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. मग मोटर बंद करायला गेले.