घड्याळ शीतलचं, मोबाइल माझा

आमच्या घरात पळणारं माणूस एकच आहे, पण तिचं पळणं कशाने मोजावं या प्रश्नाने दमलो मात्र आम्ही बाकीचे सगळे.

पळणारी ती माझी धाकटी बहीण शीतल. बारावी झाली आणि पोलीस भरतीचं तिच्या मनाने घेतलं. मुलींना आठशे मीटर पळावं लागतं आणि उशीर झालेल्या सेकंदासेकंदाला गुण कापले जातात. आमच्या केदारखेड्यात पळायला मैदान नाही, हसनाबादकडे जाणारा रस्ता आहे. त्या रस्त्यावर पुलापासून मोठ्या लिंबाच्या झाडापर्यंत आठशे मीटर, असं भरतीच्या पोरांनी कधीकाळी ठरवलेलं. कुणी मोजलं, कशाने मोजलं, कुणालाच ठाऊक नाही. पण त्या अंतरावर पळून गावातली चार पोरं भरती झाली होती, त्यामुळे त्यावर संशय घेणं बरं दिसत नव्हतं.

मी घेतला. कारण आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. (दुसरा अजून झालेला नाही, त्यामुळे मान कायम आहे.) भोकरदनला एका पतसंस्थेत मी लिपिक आहे. घरात इंग्रजी अक्षरं असलेली कोणतीही वस्तू आली, अगदी खताची गोणी आली तरी, ती आधी मला वाचायला लावतात. तेव्हा पळणं मोजण्याचं खातं आपोआप माझ्याकडे आलं.

आधी मोबाइलवर अॅप टाकलं. त्याने पूल ते लिंब हे अंतर आठशेच्या बरंच खाली दाखवलं. दुसरं टाकलं, ते आठशेच्या वर गेलं. तिसऱ्याने शीतल रस्ता सोडून पाटलांच्या विहिरीतून पळत गेली असा नकाशा काढला. तरी त्यातल्या त्यात पहिलं बरं, असं मी ठरवलं. पण शीतलची अडचण वेगळीच होती.

"दादा, मोबाइल ठेवू कुठं? खिसाच न्हाई."

"हातात धर."

"वीट धरून पळू का?"

मायने मार्ग काढला. ओढणीची घडी करून मोबाइल शीतलच्या पोटाला आवळून बांधला. शीतल पुलावरून निघाली आणि थोड्याच वेळात पोट धरून परत आली.

"माय, हा पोटात लाथा मारून राह्यलाय."

"हळू बोल," माय म्हणाली. "रस्त्यानं माणसं चाललीत."

म्हणून घड्याळ. मी जालन्याला जाऊन दुकानं पालथी घातली. एका दुकानदाराने पाळण्यातल्या बाळासारखं एक घड्याळ माझ्या हातात दिलं. "भाईसाब, बिलकुल बेफिकर राहा. पावलं मोजते, धडधड मोजते, अंतर बराबर सांगते. मोबाइलचा मराठी मेसेजसुद्धा याच्यावर दिसते, उत्तर पण देता येते."

"मेसेज कशाला? हिला पळायचंय."

"तो पळता पळता वाचेगी ना."

हे वाक्य मी हसण्यावारी नेलं. तेव्हा नेलं.

घड्याळ चांगलं होतं, पण शीतलला देण्याआधी त्याची चाचणी घ्यावी म्हणून मी ते दोन दिवस स्वतःच घालून कार्यालयात गेलो. (शर्टाची बाही त्या दोन दिवसांत आपोआप कोपरापर्यंत वर सरकत होती.) त्यात तयार उत्तरांची सोय होती. बटण दाबलं की मोबाइलवरून उत्तर जातं. मुळातली इंग्रजी उत्तरं मी काढून टाकली आणि आमच्या कामाची तीन शुद्ध मराठी उत्तरं भरली. कारण कर्जाचे अर्जदार मला दिवसभर विचारत असतात, साहेब, माझ्या अर्जाचं काय झालं. पहिलं उत्तर होतं, "आपला संदेश मिळाला. धन्यवाद." दुसरं, "आपले म्हणणे वरिष्ठांना कळवले आहे." आणि तिसरं, ज्याचा मला विशेष अभिमान होता, "सदर बाब सध्या शक्य नाही. वारंवार विचारणा करू नये."

तिसऱ्या दिवशी घड्याळ शीतलच्या मनगटावर गेलं आणि त्याचं खरं रूप कळलं. त्याला स्वतःला अंतर समजतच नव्हतं. ते मोबाइलला विचारायचं! आणि मोबाइल चार-पाच पावलांच्या आत लागायचा. शीतलकडे स्वतःचा मोबाइल नव्हता, म्हणून घड्याळ माझ्याच मोबाइलला जोडलेलं. म्हणजे मोबाइल माझ्या खिशात, आणि मी शीतलच्या मागे. पहिल्या दिवशी मी पळालो. पुलाचा कठडा संपायच्या आत खाली बसलो. शीतलने परत येऊन मलाच पाणी पाजलं.

दुसऱ्या दिवसापासून मी मोटारसायकल काढली. तर मोबाइल बरा की घड्याळ बरं, या प्रश्नाचं आमच्या घरात निघालेलं उत्तर असं: मोबाइल, घड्याळ, मोटारसायकल, आणि ती पहिल्या गिअरमध्ये चालवायला एक पदवीधर.

आता काकांबद्दल सांगायला हवं. अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, धाकटे भाऊ परतूरला मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका अडत दुकानावर मुनीम आहेत. त्यांच्याच घरी राहून मी पदवी घेतली. त्यांच्या दोन खोल्यांत माझ्या अभ्यासासाठी त्यांनी स्वतःची खाट ओसरीवर काढली होती आणि परीक्षेच्या दिवसांत घरातला टीव्ही बंद ठेवला होता. अशा माणसाला नाही म्हणायला माझी जीभ वळत नाही. ताटात वाढलेली जास्तीची पोळीसुद्धा मी त्यांना कधी नाही म्हणालो नाही.

त्या काकांनी शीतलसाठी स्थळ आणलं. मुलगा म्हणजे अडत मालकांचा पुतण्या. शीतलने माझ्याकडून आधीच वचन घेतलं होतं. "दादा, भरती होईस्तोवर कोणी पाहायला येऊ देऊ नको. एकदा पाहुणे आले की माझं पळणं खलास." मी म्हणालो होतो, बिलकुल येऊ देणार नाही. काकांचा फोन आला तेव्हा त्यांनाही म्हणालो, "बघतो काका." शीतलला काही बोललो नाही. शिवाय खरं सांगायचं तर घरात माझ्या लग्नाचा नंबर तिच्या मागे लागलेला होता, त्यामुळे माझ्या "बघतो"मध्ये थोडं बघणं होतंही.

त्या दिवशी शीतलचा सावकाश पण लांब पळायचा वार होता. ती पुढे, मी मागे, मोबाइल खिशात. पूल ओलांडला तेव्हा तिने घड्याळाकडे पाहिलं. मग थोडं अंतर गेल्यावर पुन्हा पाहिलं आणि बोटाने काहीतरी दाबलं. मग आणखी एकदा. मला फार बरं वाटलं. पोरगी आता शास्त्रीय पद्धतीने पळते आहे, वेगाकडे लक्ष देते आहे. मी मागून ओरडलोसुद्धा, "शाब्बास, बघत राहा!"

ती बघतच होती. चौथ्यांदा पाहिल्यावर मात्र ती अशी सुटली, की पहिल्या गिअरमधली माझी गाडी तिसऱ्यात गेली. लिंबाच्या झाडाखाली ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मी खूश होऊन गाडी थांबवली.

"शीतल, असं पळलीस तर मैदान आपलंच!"

"दादा, रविवारी कोण येऊन राह्यलंय?"

गाडी चालू होती ती बंद पडली. मी बंद केली नव्हती.

"कोण? कोणी न्हाई."

"मंग काकाला न्हाई म्हणून बराबर केलं तू."

"मी कधी न्हाई म्हणलो?"

तिने मनगट माझ्या नाकासमोर धरलं. मी मोबाइल काढला. काकांचा निरोप अडतीच्या चिठ्ठीसारखा तुटक होता. "रविवारी पाहुणे येतात. पोरीचं पळणं आजपासून बंद कर. हो म्हणून कळव."

त्याखाली माझं उत्तर. "सदर बाब सध्या शक्य नाही. वारंवार विचारणा करू नये."

काका: "अरे मी काका बोलून राह्यलो."

मी: "आपला संदेश मिळाला. धन्यवाद."

काका: "शुद्धीवर हायेस का? तुझ्या बापाला फोन लावतो."

मी: "आपले म्हणणे वरिष्ठांना कळवले आहे."

मी झाडाखाली बसलो. दोनदा फोन लावला. काकांनी उचलला नाही.

"हे काय केलं शीतल? काकाला असं बोलतेत का?"

"मी कुठं बोलले? तीनच उत्तरं होती त्याच्यात, तूच लिव्हलेली. 'बघतो काका' असतं तर ते दाबलं असतं."

यावर माझ्याकडे चौथं उत्तर नव्हतं.

घरी आलो तर अण्णांना खरंच फोन येऊन गेला होता. अण्णा शांतपणे तंबाखू मळत होते. "मी सांगितलं त्याला," अण्णा म्हणाले, "पोरगा शिकलेला हाय, काही बघूनच बोलला असंल." अण्णांच्या या विश्वासाने मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी काका स्वतःच आले. एसटीतून उतरून येताना दिसले तेव्हा मी आधी त्यांच्या हाताकडे पाहिलं. दर वेळी आणतात ती केळी नव्हती. काका बाजेवर बसले. पाणी प्यायले. चहा प्यायले. मग चष्मा लावून मोबाइल लांब धरला आणि सावकाश वाचलं, "सदर बाब."

मग चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं.

"सदर बाब म्हंजी कोण रे सुदाम? शीतल का मी?"

"म्हंजी... विषय, काका."

"आन् वारंवार कोणी विचारलं? मी तर एकदाच विचारलं."

"ते छापील असतं, काका."

"मला छापील उत्तर? माझ्या घरी राहून शिकला तू, आन् मला छापील?"

मायने पदर तोंडाला लावला. शीतल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, घड्याळावर ओढणी ओढून. माझ्या सुटकेला एक वाक्य पुरत होतं: काका, घड्याळ तिच्या हातात होतं. ते मी म्हणालो असतो तर काकांचा राग माझ्यावरून उतरला असता, रविवारी पाहुणे आले असते, आणि हसनाबादच्या रस्त्यावर शीतल पुन्हा पळाली नसती. मी तिच्याकडे पाहिलं. ती मला खुणावत नव्हती, विनवत नव्हती. नुसती जमिनीकडे बघत होती, जणू मी काय बोलणार ते तिला माहीतच होतं.

"भाषा चुकली, काका," मी म्हणालो. "पण उत्तर तेच हाय. भरती होईस्तोवर पाहुणे नको."

"काय? ऐकू न्हाई आलं."

मला ते तीनदा म्हणावं लागलं. पहिल्यांदा तर ते मलाच ऐकू आलं नाही.

काकांनी चष्मा काढून पुसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मालकाला काय सांगू मी? रोज विचारून राह्यले. इतकी वर्षं त्यांच्या गादीवर बसलो. माझ्या तोंडातून 'न्हाई' निघत न्हाई, सुदाम. मला वाटलं, तू हो म्हणला की मी सुटलो."

ज्या माणसाला मी कधी नाही म्हणू शकलो नाही, तो माझ्याच जातीचा निघाला.

काकांनी मोबाइल पुढे केला. "ते सदर बाबवालं मालकाला कसं ढकलायचं, दाखव."

मी दाखवलं. काकांचं बोट बटणावर थांबलं. "'वारंवार' राहू देऊ का काढू?"

"काढा काका. मालक हायेत."

"राहू दे," काका म्हणाले. "वजन पडतं." आणि डोळे मिटून त्यांनी ते दाबलं.

मालक रागावले नाहीत. उलट त्यांना ते वाक्य इतकं आवडलं, की भाव वाढवून मागणाऱ्यांना ते तेच पाठवू लागले, असं काका सांगतात. हळूहळू परतूरच्या मोंढ्यात ते बऱ्याच जणांच्या मोबाइलमध्ये गेलं.

शीतल भरती झाली. मैदानावर मोबाइल आत नेऊ देत नव्हते, घड्याळही काढून ठेवायला लावलं, आणि तिच्या पायाला त्यांनी स्वतःचीच चिप बांधली. म्हणजे आमची सगळी यंत्रं फाटकाबाहेर माझ्या हातात होती. पूल ते लिंब हे अंतर आठशे मीटर आहे की नाही, ते अजूनही कुणाला माहीत नाही. पण तिथे पळून आता पाच जण भरती झाले आहेत, त्यामुळे आता तर मीही संशय घेत नाही.

शीतल प्रशिक्षणाला गेली, त्यामुळे घड्याळ माझ्याकडे परत आलं आणि लग्नाचा नंबरही आधी माझाच लागला. काकांनी परतूरच्याच एका व्यापाऱ्याची मुलगी सुचवली. मी तिच्या वडिलांना माझी माहिती आणि फोटो पाठवला. (बाही कोपरापर्यंत वर.) आठवडाभर उत्तर नाही. मग मी नम्रपणे एकदा विचारलं. मग दुसऱ्यांदा विचारलं.

गेल्या सोमवारी कार्यालयात बसलो असताना मनगट थरथरलं. मुलीच्या वडिलांचा निरोप होता. "सदर बाब सध्या शक्य नाही. वारंवार विचारणा करू नये."

शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. काय उत्तर द्यावं याचा मी पुष्कळ विचार केला, आणि शेवटी पहिलं बटण दाबलं: "आपला संदेश मिळाला. धन्यवाद."