दाराबाहेरच्या बायका

सिअॅटलच्या विमानतळावर अधिकाऱ्याने माझ्या बॅगेतली भडंगाची पिशवी वर उचलली आणि विचारलं, "हे काय?" भडंग (सांगलीचे लसूण-मसाला लावलेले चुरमुरे) इंग्रजीत समजावता समजावता माझी दमछाक झाली. शेवटी त्याने पिशवीचा वास घेतला, भुवया उंचावल्या आणि जा म्हणून हात केला. मी अमेरिकेत प्रवेश केला तो असा, लसणाच्या घमघमाटासकट.

बाहेर ताई उभी होती. माझी थोरली बहीण. पंचवीस वर्षं इथे आहे, रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. गाडीत बसल्या बसल्या तिने मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, इथला पाऊस कोसळत नाही, नुसता भुरभुरतो, पण दिवसभर पाठ सोडत नाही. दुसरी, इराच्या नाटकाला ती येणार नाही.

इरा म्हणजे ताईची एकुलती एक लेक, इथेच जन्मलेली. तिने वसंतात चांगली नोकरी सोडली आणि नाटकं बसवायला घेतली. हे तिचं स्वतंत्रपणे बसवलेलं पहिलंच नाटक.

"रिझाइन केलं गं सरळ! इन्शुरन्स नाही, काही नाही," ताई म्हणाली. "आणि नाटक तरी कसलं? आईच पोटच्या पोरांना मारते. असलं अभद्र बघायला मी पाय ठेवणार नाही."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सरळसोट हिरवीगार सूचिपर्णी झाडं होती. त्यांच्या मागे एक प्रचंड बर्फाचा डोंगर आहे म्हणे. मी परत निघेपर्यंत तो ढगांतून एकदाही बाहेर आला नाही.

दुसऱ्या दिवशी इरा मला तालमीला घेऊन गेली. माझा सांगलीत शिवणाचा क्लास आहे, त्यामुळे कपडेपट माझ्या गळ्यात पडणार हे मी ओळखलंच होतं. वाटेत तिने गोष्ट सांगितली. अडीच हजार वर्षांपूर्वीचं ग्रीक नाटक. एक बाई नवऱ्यासाठी माहेर, मुलूख, सगळं सोडून समुद्रापलीकडे येते. तिथे तो तिला टाकतो आणि राजाच्या मुलीशी लग्न ठरवतो. वर राजा तिला देशाबाहेर काढतो, कारण ती परकी. मग ही नवरीला विष लावलेला शालू पाठवते.

"बरं केलं," मी म्हणाले.

"आणि मग स्वतःच्या दोन मुलांना मारते. नवऱ्याचं कोणीच उरू नये म्हणून."

शालूपर्यंत मी तिच्या बाजूने होते. मुलांपाशी आल्यावर मी माझं 'बरं केलं' मागे घेतलं.

"सी? सगळ्यांचं असंच होतं," इरा खूश होऊन म्हणाली. "मावशी, त्या काळी या बाईचं कामसुद्धा पुरुषच करायचे."

"मला सांगू नकोस. मी सांगलीची आहे," मी म्हणाले. शालू नेसलेल्या पुरुषांवर आमचं अख्खं गाव एके काळी फिदा होतं.

तालीम एका जुन्या हॉलमध्ये होती. नाटकात कोरस असतो, म्हणजे एकत्र बोलणारा, गाणारा गावातल्या बायकांचा घोळका. इराने गंमत अशी केली होती की परकी बाई म्हणून उंच, सोनेरी केसांची अमेरिकन नटी घेतली होती, आणि गावच्या मूळच्या बायका म्हणून चीन, मेक्सिको, इथिओपिया अशा देशोदेशींहून इथे आलेल्या बायका. त्यांची पांढरी वस्त्रं सेफ्टी पिनांवर कशीबशी तगून होती. मी पिना काढल्या, निऱ्या घातल्या, खोचल्या. न शिवलेलं कापड अंगावर टिकवायचं कसं, हे मराठी बाईला शिकवावं लागत नाही.

मधल्या सुट्टीत भडंग फिरलं. नटीने बकाणा भरला आणि तिला असा ठसका लागला की सूड घेणं तेवढ्यापुरतं राहून गेलं. पाणी पिऊन तिने मला विचारलं, "तुमच्याकडे अशा चिडलेल्या बायकांचं काय करतात?"

"आधी छळतात," मी म्हणाले, "मग घाबरतात, मग देऊळ बांधतात आणि वर्षातून एकदा जत्रा भरवतात."

ती खळखळून हसली आणि पुन्हा भडंगाकडे वळली.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी कोरसमधल्या एका बाईचा पाय मुरगळला. इरा धावत आली. "मावशी, आय नीड यू. तुला फक्त उभं राहायचंय."

"उभं राहायला मला अमेरिकेपर्यंत आणलंस?"

पण ती हसली नाही. डोळे भरून आले होते. "आईला पुन्हा विचारलं मी. ती म्हणते, ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचा रिलीज आहे. एव्हरीबडीज मॉम इज कमिंग."

आता उभं राहण्यावाचून माझ्याकडे इलाज नव्हता. आठवड्याभरापूर्वी विमानातून उतरलेली मी त्या नगरीची मूळ रहिवासी झाले.

प्रयोगाला हॉल बऱ्यापैकी भरला होता. नाटक चढत गेलं. नटी मुलांना घेऊन दाराआड गेली, दार बंद झालं, आतून मुलांच्या किंकाळ्या आल्या. इथे कोरसने आत जावं का, जावं का, असं म्हणत जागेवरच उभं राहायचं असतं. अडीच हजार वर्षं त्या बायका तशाच उभ्या आहेत. आम्हीही राहिलो.

इतक्यात मागच्या रांगेतून खणखणीत मराठी आली, "अगं, उभ्या काय राहिलात? जा ना कुणीतरी आत!"

ताई! अंगात ओला रेनकोट, गळ्यात ऑफिसचा बिल्ला, आणि सगळ्या हॉलमध्ये एकटी उभी. माझा पाय आपसूक उचलला गेला. थोरल्या बहिणीने हाक दिली की तो उचलतोच. शेजारच्या मेक्सिकन बाईने माझा पदर धरून मला जागेवर ठेवलं. शब्द कुणाला कळले नव्हते, पण हॉलमध्ये कुणी हसलं नाही.

पडदा पडल्यावर ताई चोरासारखी विंगेत आली. "सॉरी गं इरा. तुझं नाटक स्पॉइल केलं मी."

इराने तिला घट्ट मिठी मारली. "यू केम," एवढंच म्हणत राहिली.

परतीच्या वाटेवर इरा गाडी चालवत होती. पाऊस भुरभुरत होता. शेजारी बसलेली ताई तिला सांगू लागली.

"तू तान्ही होतीस तेव्हा. बाबा सतत प्रोजेक्टवर बाहेर. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, ड्रायव्हिंग येत नव्हतं. शेजारच्या बायका चांगल्या होत्या गं. दाराशी केक ठेवायच्या, बेल वाजवायच्या, आणि मी दार उघडेपर्यंत निघून गेलेल्या असायच्या. डिस्टर्ब नको करायला म्हणून. मी तुला घेऊन आत रडत असायचे. मला वाटायचं, या एकदा तरी आत."

"यू नेव्हर टोल्ड मी, आई."

"तू विचारलं नाहीस. आणि मी तरी तुला नाटकाबद्दल कधी विचारलं?"

मी मागच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसले. मला रडू आलं होतं आणि ते दाखवायचं नव्हतं. माझी ताई तिथे एकटी रडत होती, आणि आम्ही सांगलीत तिच्या फोटोतला बर्फ बघून हरखत होतो.

आता मी घरी आहे. अमेरिकेत काय पाहिलंस, असं लोक विचारतात. डोंगर दिसला नाही म्हटलं की हळहळतात. नाटकाची गोष्ट सांगितली की क्लासातल्या मुली सुया थांबवून भांडायला लागतात. निम्म्या जणी त्या बाईच्या बाजूने, निम्म्या विरुद्ध. मी निवाडा देत नाही. तिने केलं ते भयंकरच. पण दाराबाहेर उभं राहून आलेले ते शहारे माझ्या अंगावरून अजून गेलेले नाहीत, आणि त्या बायकांमध्ये मीही होते.

काल ताईचा फोन आला. इराने नवं नाटक बसवायला घेतलंय, आणि ताई ऑफिस सुटलं की तालमीला जाऊन बसते.

"गप्प बसतेस ना पण?" मी विचारलं.

"छे! इराने सांगितलंय, गप्प बसायचं असेल तर येऊ नकोस."