फोरमनला वळायला जागा

सुमित्रावहिनी कुठलीही वस्तू करायला घेतात तेव्हा आधी ती जमिनीवर काढतात. खडूने, आणि खऱ्या मापाची. देवघराचं कपाट करायचं होतं तेव्हा सुताराच्या आधी खडू आला. सायलीचं, म्हणजे त्यांच्या लेकीचं लग्न ठरलं, तेव्हा मांडवाचे खांब त्यांनी अंगणात खडूने काढले आणि घरातल्यांना पाहुणे करून त्यातून चालवून पाहिलं. दोन पाहुणे एकमेकांना धडकले. मांडव हातभर सरकला.

ही सवय कारखान्याची. आमचा विनायकदादा, माझा चुलतभाऊ, वरूडकडच्या आमच्या गावातून भोपाळला सरकारी कचेरीत कारकून म्हणून गेला. त्याची बायको नागपूरची, अक्षर मोत्यासारखं. तिला तिथल्याच बरखेड्याच्या मोठ्या कारखान्यात नकाशाच्या खोलीत काम मिळालं. इंजिनियर पेन्सिलीने नकाशा काढायचे आणि वहिनी त्यावर पारदर्शक कागद ठेवून शाईने तो गिरवायच्या. एक रेघ हलली तर अख्खा कागद वाया. चौतीस वर्षांत किती कागद वाया गेले असं मी एकदा विचारलं. "तीन," म्हणाल्या, आणि तिन्ही कोणत्या यंत्राचे होते तेही सांगितलं. पुढे संगणक आले, गिरवण्याचं काम संपलं, आणि त्यांना जुन्या नकाशांच्या कपाटांवर नेमलं. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते: कोणी काढला, कोणी तपासला, कोणी मंजूर केला. त्या तिन्ही घरांत नेहमी दुसऱ्यांची नावं. गिरवणाऱ्याची दोन अक्षरं कडेला, मुंगीएवढी.

कारखान्याच्या क्वार्टरला मागे अंगण होतं, अंगणात पेरूचं झाड आणि झाडाखाली सिमेंटचा हौद. त्या हौदात फोरमन राहायचा.

सायली कॉलेजात असताना तिने दुकानातून बोटाएवढा एक मासा आणला होता. रुपेरी, काळ्या पाठीचा. दुकानदार त्याला शार्क म्हणाला. तो काही खरा शार्क नव्हे, पण ऐट तशी होती. टाकी जेवढी असेल तेवढाच मासा वाढतो, असंही दुकानदाराने सांगितलं. या सगळ्यांनी त्यावर विश्वास ठेवला आणि त्याला हौदात सोडलं. मासा मात्र त्या बोलण्याला बांधलेला नव्हता. अकरा वर्षांत तो दोन फूट दोन इंचांचा झाला. दिवसभर हौदाच्या भिंतींना धरून फेऱ्या घालायचा, काम नीट चाललंय का पाहत असल्यासारखा. म्हणून फोरमन. सायली लग्न होऊन इंदूरला गेली, फोरमन राहिला. थंडीत वहिनी हौदावर पोती टाकायच्या. ऑफिसातून आल्या की चप्पल काढायच्या आधी हौदाच्या काठावर दोन टिचक्या मारायच्या, आणि खालच्या काळोखातून ती रुंद पाठ हळूहळू वर यायची.

वहिनी निवृत्त झाल्या. एकतीस मार्चला क्वार्टर रिकामं करून द्यायचं होतं. कोलार रोडला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता, आणि त्याबरोबर खाली गाडी लावायला एक जागा. त्या जागेवर दादाचा फार जीव. आयुष्यभर स्कूटर चालवलेला माणूस. आता एक जुनी का होईना, गाडी घ्यायची आणि तिला सावलीत उभी करायची, एवढीच त्याची हौस. गाडी यायची होती, पण त्याने भिंतीवर स्वतःचं नाव आधीच रंगवून घेतलं होतं.

सामान बांधायला मदत म्हणून फेब्रुवारीत मी गेलो, तेव्हा घरात एकच प्रश्न होता. फोरमनचं काय?

"तलावांचं शहर आहे," दादा म्हणाला. "मोठ्या तलावात सोड. मजा करेल."

"तो इथल्या पाण्याचा नाही. तिथली पिल्लं खाईल. नाहीतर त्याला कोणी खाईल. दोन्ही माझ्याच डोक्यावर."

"मग आपणच खाऊ."

"आधी तुमची स्कूटर खाऊ. तीही अकरा वर्षांची झाली."

वहिनींनी नकाशाच्या पाटीवर कोरा कागद लावला आणि काचेच्या टाकीचा आराखडा सुरू केला. मी खर्चाचे कागद पुष्कळ पाहिलेत. लोक आधी मोठी वस्तू लिहितात आणि मग धापा टाकत बाकीचं. वहिनींच्या कागदावर पहिली ओळ होती: वीज गेली तर. त्याखाली बॅटरी, हवा सोडणारा पंप. मग: थंडी आली तर. मग: काच फुटली तर पाणी कुठे जाईल. काच आणि स्टँड सहाव्या ओळीत. शेवटी दर महिन्याचा खर्च, विजेचा आणि खाण्याचा, पुढच्या दहा वर्षांचा.

"दहा?" दादाने विचारलं.

"तो जगेल. आपलं आपण पाहू."

निवृत्तीच्या पैशातून ऐंशी हजार त्यांनी यासाठी बाजूला काढले होते. वर एक रुपया नाही.

जवाहर चौकात जितेंद्रचं दुकान आहे. तो टाक्या जोडून देतो. त्याने कागद पाहिला आणि खुर्ची पुढे केली. "आंटी, ये ड्रॉइंग किस इंजिनियर से बनवाया?"

"खुद बनाया."

"तो मेरे को क्यों पूछ रहे हो? मैं आपसे पूछता हूँ." तरी त्याने सांगितलं, सहा फूट लांब, दोन रुंद, दोन उंच, बारा मिलिमीटरची काच, खाली चौकोनी पाइपचा स्टँड. सगळं मिळून साठ हजारांत बसत होतं. आम्ही खुशीत परतलो. दादाने वाटेत पोहे-जलेबी खाऊ घातली.

नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये वहिनी गुडघ्यांवर बसल्या. सहा बाय दोन. खडूची पांढरी चौकट भिंतीलगत उमटली. मग त्यांनी सामानाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मासा केला, दोन फूट दोन इंच, आणि तो दादाच्या हातात दिला.

"चालवा."

दादाने पुठ्ठ्याचा मासा चौकटीच्या या टोकाकडून त्या टोकाला नेला. "झकास."

"आता वळवा."

दादाने वळवला. शेपटी भिंतीत, डोकं खडूच्या बाहेर. पुन्हा वळवला. पुन्हा बाहेर. गुडघे धरून तो चांगली पाच मिनिटं खटपट करत राहिला.

"अगं, खरा मासा वाकतो. हा पुठ्ठा आहे."

"वाकतो. पण रोज, दर फेरीला, अंग मोडूनच वळायचं? तुमच्या कचेरीत खुर्ची फिरत नव्हती तर तुम्ही तीन अर्ज केले होते."

दादाने मासा खाली ठेवला. खुर्ची खरी होती.

वहिनींनी चौकट पुसली आणि नवी काढली. आठ फूट लांब, चार रुंद, अडीच उंच. आता पुठ्ठ्याचा मासा आरामात वळला. पण आता हॉलमध्ये फक्त टाकी राहत होती. आम्ही तिघं दारात उभे. वहिनी कागदाच्या कडेला हिशेब मांडू लागल्या: पाणी, काच, लोखंड. मांडून झालं तेव्हा पेन्सिल खाली ठेवली.

"अडीच टनांच्या वर जातंय. या स्लॅबवर नाही ठेवता येणार."

"जितेंद्र म्हणाला, लोक ठेवतात," मी म्हणालो.

"ठेवत असतील. खाली माणसं झोपतात, भाऊजी."

एवढंच. रडणं नाही, दैवाला बोल लावणं नाही. आकडा पटला नाही, त्यांनी स्वतःचा नकाशा स्वतः नापास केला. त्या आठवड्यात त्या भांडी कागदात गुंडाळत राहिल्या आणि संध्याकाळी हौदाच्या काठावर बसत राहिल्या. एकतीस तारखेला एकवीस दिवस उरले होते. मासे पाळणाऱ्या एका माणसाला दादाने फोन लावला. तो म्हणाला, घेऊन जातो, किलोच्या भावाने. दादाने फोन ठेवला आणि तो भाव वहिनींना सांगितला नाही. मला सांगितला.

रविवारी सकाळी वहिनी घरात नव्हत्या. दादा आणि मी शोधत कोलार रोडला गेलो. इमारतीखाली, दादाचं नाव रंगवलेल्या भिंतीपुढे, त्या पदराने घाम पुसत उभ्या होत्या. गाडीच्या जागेत खडूची चौकट होती. आठ बाय चार. स्टँडचे आठ पाय, प्रत्येक पायाखाली लोखंडी पाटा, मोरीकडे जाणारी पाण्याची वाट, सगळं रेघांनी काढलेलं. मधोमध पुठ्ठ्याचा मासा.

"इथे जमीन आहे," वहिनी म्हणाल्या. "वजनाची भीती नाही. पण जागा तुमची आहे. नाही म्हणालात तर आत्ता पुसते, पुन्हा बोलणार नाही."

हातात ओलं फडकं होतं. म्हणजे खरंच पुसणार होत्या.

दादा आपल्या नावाकडे पाहत राहिला. वरच्या मजल्यावर कुणीतरी गालिचा झटकत होतं, त्याची धूळ आमच्यापर्यंत येत होती. मग त्याने चपला काढल्या, चौकटीत शिरला, उकिडवा बसला आणि पुठ्ठ्याचा मासा उचलला. या टोकाला नेला. वळवला. त्या टोकाला नेला. वळवला.

"फिरतोय," तो म्हणाला. "कागद आण."

नकाशा वहिनींनी पुन्हा काढला, शाईने. खालच्या कोपऱ्यात तीन घरांची चौकट. पहिल्या घरात त्यांनी सावकाश लिहिलं: सुमित्रा. चौतीस वर्षांत त्या घरात त्यांचं नाव पहिल्यांदाच आलं. दुसरं घर त्यांनी दादापुढे सरकवलं.

"तपासणारा मी?" दादा म्हणाला. "जन्मभर फायलींवर सह्या केल्या, पण एकाही फायलीत मासा नव्हता." आणि सही केली. गाडी त्या सहीत गेली, हे तिघांनाही कळत होतं.

तिसरं घर सक्सेनाजींचं, म्हणजे इमारतीच्या सचिवांचं. ते चष्मा वर-खाली करत म्हणाले, "भाभीजी, पार्किंग गाड़ी के लिए होती है. मच्छर होंगे, पानी फैलेगा, बच्चे काँच तोड़ेंगे."

वहिनींनी कागदावर एकेक जागा बोटाने दाखवली. मच्छर: वर जाळीचं झाकण, आणि खाली मासा. पाणी: मोरीपर्यंत उतार. मुलं: पुढे कमरेएवढा कठडा. वीज: आमच्याच मीटरवरून. सक्सेनाजी वाचत गेले. त्यांच्या आणखी तीन शंका होत्या, त्याही कागदावर आधीच होत्या. शेवटी म्हणाले, "लिफ्ट का भी ऐसा एक बना दीजिए, छह महीने से बंद है," आणि मंजुरीच्या घरात सही केली.

जाड काचेमुळे खर्च ऐंशीच्या वर जात होता. वहिनींनी विकतचा फिल्टर खोडला आणि दोन निळ्या ड्रमांत गिट्टी, स्पंज आणि जाळी भरून स्वतः गाळणी केली. आकडा एकोणऐंशी हजार चारशेवर थांबला. टाकी जोडून झाल्यावर पाणसळ ठेवून चारही कडा एका पातळीत आहेत का पाहिलं, पाणी भरलं, स्टँडखाली कोरडी वर्तमानपत्रं अंथरली आणि पाण्याच्या पातळीवर काचेला रेघ मारली. तीन दिवस कुणाला हात लावू दिला नाही. चौथ्या दिवशी कागद उचलले. आमच्या गावी उन्हात वाळवलेल्या पापडासारखे कोरडे.

मग ड्रमभर हौदाचंच पाणी नव्या पाण्यात ओतलं, आणि एकोणतीस मार्चला फोरमन टेम्पोतून निघाला. मोठ्या टपात तो, टपावर ओलं पोतं, पोत्यावर माझे आणि दादाचे हात. गतिरोधक आला की दादा ड्रायव्हरवर ओरडायचा, "धीरे! पेशंट है!"

टाकीत सोडल्यावर फोरमन कोपऱ्यात जाऊन थिजला. त्या दिवशी खाल्लं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. एकतीसला वहिनी क्वार्टरच्या किल्ल्या देऊन आल्या. आता मागे हौद नव्हता, परतायला वाट नव्हती. त्या सरळ टाकीपाशी गेल्या, चप्पल न काढता, आणि काचेवर दोन टिचक्या मारल्या.

काही झालं नाही. दादा त्यांच्या मागे उभा होता, सक्सेनाजीही उगाच भाजीची पिशवी घेऊन थांबले होते.

मग ती रुंद पाठ हलली. फोरमन कोपऱ्यातून निघाला, काचेला धरून आठ फूट चालून गेला आणि टोकाला पोचला. तिथे तो वळला. नाक काचेला लागलं नाही, शेपटी मागे घासली नाही; पेरूच्या झाडाखाली कधी वळला नव्हता असा ऐसपैस वळला, आणि परत आला.

"देखो," दादा सक्सेनाजींना म्हणाला, "मैंने चेक किया था."

 वहिनी खाली वाकल्या आणि स्टँडच्या पायापाशी राहिलेली खडूची रेघ पदराने पुसायला लागल्या. दादाने त्यांचा हात धरला.

"राहू दे ती," तो म्हणाला.

ती रेघ अजून आहे. दादाची स्कूटर बाहेर उन्हात उभी असते.