बारा दिवस कमी

बारावीचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्याच दिवशी नातीने सांगितले की तिला लहान मुलांना शिकवायचे आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत मी छत्तीस वर्षे काढली. त्यातील शेवटची चौदा आमच्या गावी, मुख्याध्यापक म्हणून. मला वाटले, प्रश्न सुटला.

"डी.एड. कर," मी म्हणालो.

"त्याले आता डी.एल.एड. म्हनतात, आबा. आन् ते पहिलीच्या पुढचं. मले त्याच्या आधीची लेकरं पायजेत. तीन वर्सांची, चार वर्सांची."

"त्यांना काय शिकवणार?"

"तेच तं शिकाचं हाय मले."

उत्तर उद्धट नव्हते, म्हणून अधिक चीड आली.

मार्ग तीन होते. पहिला, दोन वर्षांची ती पदविका. दुसरा, मलकापूरच्या एका खाजगी संस्थेचा बालशिक्षणाचा एक वर्षाचा वर्ग. तिसरा आमच्याच गावात: जुनी अंगणवाडी सेविका निवृत्त होत होती. तिथे आधी नेमणूक होते आणि प्रशिक्षण खाते नंतर देते. अटी साध्या: बारावी उत्तीर्ण, गावचा रहिवास, अर्जाच्या शेवटच्या तारखेला वय अठरा पूर्ण. जागा एकच. जी तिथे बसेल ती म्हातारपणीच उठेल. नातीचे मन याच जागेवर होते, आणि माझा विरोधही याच जागेला होता. सेविका वजने करते, खाऊ वाटते, मोबाइलवर माहिती भरते. शिकवते केव्हा, असे माझे म्हणणे होते.

आठवड्याच्या आत पदविका विद्यालयाचा माणूस घरी आला. त्यांच्या जागा भरत नाहीत, म्हणून ते दारोदार फिरतात.

"गुरुजी, पोरीले रोज पाठवाची गरज नाही. परीक्षेले आली तरी झालं. हजेरीचं आमी पाहून घेऊ."

"आणि शिकवायचे कोण पाहून घेणार?"

तो मोठ्याने हसला. त्याला चहा दिला. हाकलून द्यायला हवे होते.

मग दोन बस बदलून मलकापूरला गेलो. खोली रंगीत, भिंतीवर इंग्रजी फळे. मूल एकही नव्हते. सराव कोणावर करायचा, असे मी विचारले. तेथील बाई म्हणाल्या, "व्हिडिओ आहेत ना, सर." प्रमाणपत्र सरकारी भरतीत चालते का, असे विचारल्यावर त्यांनी माहितीपत्रक हातात ठेवले.

शेवटी नात म्हणाली, "आबा, तुमी एक दिवस अंगणवाडी तं पाहा. नुसते नावं ठेवून राह्यले."

गेलो. सेविका वजनकाट्याशी होती आणि मुले मदतीला गेलेल्या नातीच्या स्वाधीन होती. मी एका चार वर्षांच्या मुलाला पाटीवर 'अ' काढायला सांगितले. तो रडला, मग त्याने चड्डी ओली केली. नातीने त्याला पुसले, बदलले, आणि पुढ्यात चिंचोके टाकले.

"हा कोन रे?"

"हत्ती."

"आन् हा?"

"हत्तीची माय."

थोड्याच वेळात तो हत्तीचे सगळे गणगोत मांडून सातपर्यंत मोजत होता. रडणाऱ्या मुलाला सातपर्यंत न्यायला मला आठवडा लागत असे.

घरी येताना मी म्हणालो, "अर्ज भर."

ती मुदतीच्या आत अर्ज घेऊन माझ्यासह तालुक्याच्या कार्यालयात गेली. बाबूने गावच्या शाळेचा दाखला पाहिला, बोटांवर मोजले.

"गुरुजी, पोरगी बारा दिवसांनं कमी पडते."

"तिला अठरा होऊन सात महिने झाले."

"दाखल्यावर एक जून हाय. सहीही पाहा ना."

सही माझी होती.

पूर्वी खेड्यात जन्मतारीख कोणाला ठाऊक नसे. शाळा उघडायच्या आधी मूल सहा वर्षांचे पूर्ण दिसावे म्हणून मुख्याध्यापक सरसकट एक जून लिहीत. मीही लिहिले. नातीची खरी तारीख मात्र मला ठाऊक होती. ऐन दिवाळीत, घरीच जन्मली. पेढे मीच वाटले होते. तरीही पुढचा एक जून लिहिला, आणि ग्रामपंचायतीतली नोंदही मागाहून त्यावरूनच करून घेतली. हेतू असा की, नोकरी लागली तर अखेरीस सात महिने जास्त मिळतील. सहा वर्षांच्या मुलीच्या निवृत्तीची सोय मी करून ठेवली होती.

तारीख दुरुस्त होते, पण त्याला महिने लागतात. मुदतीला चार दिवस उरले होते.

परतीच्या बसमध्ये तिने तो दाखला पुन्हा उघडून पाहिला. मग म्हणाली, "तवा मले इचारलं असतं, तं मी सांगतलं असतं, का मी दिवाळीची हावो म्हनून."

"सहा वर्षांच्या मुलाला कोणी विचारत नाही."

"हाव ना. तेच तं."

ती जागा खालच्या आळीतल्या एका सुनेला मिळाली. बाई बरी आहे. नातीने मलकापूरला नाव घातले. आठवड्यातून तीन दिवस व्हिडिओ पाहते, आणि उरलेले दिवस त्या सुनेच्या अंगणवाडीत, तिला विचारून, बिनपगारी बसते. चिंचोके घरून नेते.

एक जूनला गावाच्या व्हॉट्सॲप गटावर सकाळपासून वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात. निम्म्या गावाचा त्या दिवशी वाढदिवस असतो; त्यातले कित्येक माझ्या हातचे आहेत. यंदा त्यांत नातीचेही नाव आले. तिने हात जोडल्याचे चिन्ह टाकले.

मी फोन बंद करून ठेवला.